राणी कांचनमालेने देऊन टाकलेला शब्द

एका राज्यात एक नदी होती, नदीला घाट होता, आणि त्या घाटावर सकाळच्या पारी धुणं कमी आणि बोलणं जास्त होत असे. एके दिवशी परटीण शिंपिणीला सांगत होती, "ऐकलंस का गं? राणीसाहेब म्हणे काल माळणीच्या अंगणात भुईवर मांडी घालून बसल्या, आणि तिच्या त्या एवढ्याशा पोरीला..."

एवढ्यात राजाचा हत्ती पाण्यावर आला. माहूत ओरडला, "बाजूला व्हा!" बाया बाजूला झाल्या, आणि पुढचं वाक्य हत्तीच्या घंटेत बुडालं.

आता अर्धं वाक्य कानात घेऊन माणसानं घरी जायचं कसं, आणि गेलं तरी भाकरी थापायची कशी? संध्याकाळपर्यंत गावानं ते ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे पुरं केलं. कोणी म्हणालं, थोबाडीत दिली. कोणी म्हणालं, दत्तक घेतली. कोणी म्हणालं, छे, राणीसाहेब पोरीच्या पाया पडल्या आणि त्यांचा हेवा तिथल्या तिथे धुऊन निघाला. खरं काय घडलं ते मुळापासून ऐका.

त्या राज्याचा राजा सोमकेतू. न्यायाचा, शांत, बोलायला कमी. त्याची राणी कांचनमाला. रूपानं उजळ, मानानं मोठी, आणि डोळ्यांनी फार बघणारी. त्यांना एकच लेक, पद्मलेखा. दुधाचे दात नुकते पडू लागलेली.

राणीनं लेकीसाठी सोन्याची भातुकली घडवून घेतली होती. अंगठ्याएवढी तपेली, नखाएवढी पळी, सुपारीएवढं जातं, आणि चुलीत विस्तव म्हणून माणकं. पाहायला परराज्यातले पाहुणे येत. दासी रिकामी पळी रिकाम्या वाटीत उपडी करून म्हणत, "घ्या वरण, घ्या भात," आणि पाहुणे तोंडाशी हात नेऊन म्हणत, "वा, काय चव!" खरं अन्न त्यात कधी पडलं नाही. सोन्याला डाग पडला असता.

राजवाड्याच्या बागेला एक भिंत होती. भिंत कसली, कमरेएवढा बांध. पलीकडे माळणीचं घर. माळणीचं नाव गोजरा, तिच्या लेकीचं नाव बकुळा. बकुळेची भातुकली मातीची. बोळकी काळी पडलेली, चूल एका बाजूनं ढासळलेली. पण त्या चुलीत काडी पेटायची, आणि त्या बोळक्यातून गुळाचा वास सुटायचा.

वास भिंतीवरून आला, आणि पद्मलेखा भिंतीवरून गेली.

परत आली तेव्हा तिचे ओठ चिकट होते. राणीनं विचारलं, "कुठे होतीस?"

"बकुळेकडे. आईसाहेब, तिच्याकडचा भात गोड असतो."

"तुझ्या तपेल्यात काय कमी आहे?"

"त्यात भात नसतो."

मुलीनं खोटं सांगितलं असतं तर राणीला राग आला असता आणि निघून गेला असता. खरं सांगितलं, म्हणून तो आत राहिला. त्या दिवसापासून राणीचं बसणं सज्जात, आणि डोळे माळणीच्या अंगणात. तिला दिसे, दोन्ही पोरी चुलीशी बसतात, भांडतात, जेवतात. जेवून झालं की राजकन्या उठते आणि चिकट हात गोजराच्या पदराला पुसते. राणीच्या पदराला तिनं कधी हात पुसले नव्हते. जरीला पुसता येत नाहीत.

राणीनं बांध उंच करवला. पोरी बांधाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना हाका मारू लागल्या, आणि पहाऱ्यावरचे शिपाई निरोप पोचवू लागले. तेव्हा राणी राजाकडे गेली.

"महाराज, माळणीला गावाबाहेर काढा."

"तिचा गुन्हा?"

"गुन्हा काही नाही."

"मग शिक्षा कशाची देऊ?"

राणी तशीच परतली. तिनं गोजरालाच बोलावून घेतलं. गोजरा हात जोडून उभी राहिली.

"माझ्या मुलीला तू काय घालतेस?"

"वेगळं काही नाही, राणीसरकार. आमच्या ताटातलं मूठभर बाजूला काढते. कधी पोहे, कधी चुरमुरे, कधी नुसता भात. वर गुळाचा खडा. दोघींना सारखं."

"राजकन्येला तुझ्या ताटातलं?"

"पोर दारात आली, की तिच्या हातावर काही ठेवायला नको का, सरकार?"

बाई गरिबीनं बोलली, नम्रपणे बोलली, आणि नेमकं तेच राणीला झोंबलं. उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी राणी पळसाच्या रानात गेली. तिथे धूमकेश नावाचा मांत्रिक राहत असे. त्याची झोपडी धुराची होती. दाराशी उभं राहिलं की दार होई, निघून गेलं की नसे.

"काय पाहिजे?" धूमकेशानं विचारलं.

"माझ्या लेकीनं भिंतीपलीकडचं खाऊ नये."

"नाही खाणार. मला काय द्याल?"

"सोनं घे."

"सोनं मी खात नाही. मी शब्द खातो. तुमच्या राज्यातला एक शब्द द्या. रोजच्या वापरातला असला तरी चालेल."

राणी विचारात पडली. 'न्याय' द्यावा, तर तो महाराजांचा. 'पाऊस' द्यावा, तर शेतं ओरडतील. 'मान' द्यावा, तर तिला स्वतःलाच रोज लागतो. मग तिला आठवलं आणि हायसं वाटलं.

"भातुकली," ती म्हणाली. "पोरासोरांचा शब्द आहे. मोठ्या माणसाचं त्यावाचून काही अडत नाही."

"अर्थ ठाऊक आहे?"

"खेळण्यातली भांडीकुंडी. त्यात अर्थ तो कसला?"

धूमकेश हसला. "मोठ्या शब्दांना राजे पहारे बसवतात, राणी. लहान शब्द उघड्यावर पडलेले असतात. त्यांवरच तर मी जगतो." त्यानं वाळका भोपळा पुढे केला. राणीनं त्यात तोंड घालून शब्द उच्चारला. मांत्रिकानं बूच मारलं, आणि झोपडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजारात कुंभार ओरडायला उभा राहिला, "घ्या हो घ्या! मातीची ही... ही घ्या!"

"ही म्हणजे काय रे?" गिऱ्हाईक बाईनं विचारलं.

"ही बघा की! चूल आहे, बोळकी आहेत..."

"एवढ्याशा बोळक्यात माझ्या घरचं कोण जेवणार?"

"ते नाही हो बाई... याला म्हणतात ना, ते..." कुंभार डोकं खाजवत बसला. शेवटी ती बोळकी कोणी कापूर ठेवायला नेली, कोणी कबुतरांना पाणी ठेवायला. आणि राज्यातली मुलं आपापल्या चुलीभोवती जमून नुसती बसून राहिली. चूल समोर, काटक्या समोर, पण पुढे काय करायचं ते एकालाही सुचेना.

शब्द आठवत होता तो एकट्या राणीला, कारण दिला तिनं होता. पण तो तिच्या टाळूला चिकटून राही. तोंडाबाहेर पडत नसे.

पद्मलेखा भिंतीपलीकडे गेली नाही. राणीला आनंद झाला. तिनं पाच पक्वान्नांचं ताट वाढवलं. लेकीनं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईसाहेब, भूक लागत नाही." दुसरं ताट आलं, तिसरं आलं. भूक लागत नाही.

मग तिच्या पायातले पैंजण गळून पडले. मग बांगड्या. मग परकर कमरेवर राहीना. पोर वाळत नव्हती, लहान होत होती. गाल तसेच, केस तसेच, पण सगळं कमी मापाचं. वैद्यानं नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि तिसऱ्यांदा पाहायला हात धरला तर मनगट त्याच्या बोटांतून निसटलं. राजकन्या बाहुलीएवढी झाली. सोन्याच्या तपेल्यात कापूस घालून तिला निजवू लागले.

राजा म्हणाला, "राणी, आपल्याला काही ठाऊक आहे?"

राणीनं सगळं सांगितलं. राजानं तपेल्यातल्या लेकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सैन्य धाडलं तर धूर कापून येईल. ज्यानं दिलं त्यानंच आणावं." एवढंच. रागावला असता तर राणीला सोपं गेलं असतं.

तपेलं पदरात धरून कांचनमाला पळसाच्या रानात गेली.

"माझा शब्द परत दे."

"अर्थ न कळता दिलात. आता कळून घ्या," धूमकेश म्हणाला. "तीन पक्षी आहेत. तुमच्या ग्रंथशाळेतला पोपट, पडक्या विहिरीवरची सुगरण, नदीच्या वाळूतली टिटवी. पक्षी कोणाची प्रजा नाहीत, म्हणून त्यांना शब्द आठवतो. पण तो तुमचा, ते उच्चारणार नाहीत. तिघांना विचारा, सांगतील ते करा. अर्थ मला बोलून दाखवू नका. अर्थ हातून घडला, की शब्द आपण होऊन घरी येईल. मात्र पोरगी मोहरीएवढी व्हायच्या आत. पुढे ती कोणालाच दिसणार नाही."

राणी ग्रंथशाळेत गेली. पोपट पोथ्यांच्या चळतीवर बसला होता. त्याला विचारलं की आधी मान वाकडी करायची सवय होती.

राणीनं तपेलं दाखवलं. "याला जे म्हणतात, ते कशावरून?"

"भातावरून! दुसरं कशावरून?" पोपट म्हणाला. "भात, मग भाताचा लहानसा खेळ. इतकी वर्षं त्यात भात घातला नाहीत, आणि अर्थ मला विचारता? तीन खड्यांची चूल मांडा. बोटभर काटक्या पेटवा. मूठभर तांदूळ आपल्या हातानं शिजवा."

राणीनं जन्मात चूल पेटवली नव्हती. पहिल्यांदा धूर झाला आणि भात कच्चा राहिला. दुसऱ्यांदा जाळ झाला आणि भात करपला. डोळे लाल झाले, बोटं पोळली, आणि सोन्याचं एक तपेलं कोळशासारखं काळं पडलं. तिसऱ्यांदा भात फुलला. एक शीत पळीवर घेऊन तिनं लेकीपुढे धरलं.

पद्मलेखा त्या शिताला टेकून बसली. रातकिड्याएवढ्या आवाजात म्हणाली, "आईसाहेब, हा खरा भात आहे."

"मग खा ना, बाळ."

"भूक लागत नाही."

राणी पडक्या विहिरीवरच्या बाभळीखाली गेली. सुगरण घरट्याला उलटी लटकून विणत होती. विणता विणताच बोलली.

"पोपटानं भात सांगितला असेल."

"हो."

"तो पुस्तकात राहतो, त्याला वाट ठाऊक नाही. भातापासून या शब्दापर्यंत यायला मध्ये एक जुनं गाव लागतं. जुन्या लोकांच्या तोंडी भातुकं असे. भातुकं म्हणजे खाऊ. वाटेला निघालेल्याच्या पदरात बांधून देतात, तो. बाजाराहून माणूस आलं की पोरं तोंडाकडे न बघता हाताकडे बघतात, तो. ते भातुकं पोरं पुन्हा आपल्या बोळक्यात घालून शिजवतात, वाढतात. तिथून हा शब्द."

"मी काय करू?"

"भातुकं आण. विकत घेतलेलं नको, हुकमानं आणलेलं नको. हात पसर, कोणी ठेवील ते आण."

राणीनं दागिने उतरवले, दासीचं लुगडं नेसली आणि बाजारात गेली. हात पसरायचा कसा तेही तिला येत नव्हतं. तळवा वर करायचा की खाली, हेच आधी कळेना. हलवायानं हटकलं, "धडधाकट दिसतेस की!" तेलिणीनं तोंड फिरवलं. शेवटी चुरमुऱ्यांच्या टोपलीमागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कोणाला गं हवंय?"

"लेकीला."

"मग अशी चोरासारखी काय उभी राहतेस? धर." तिनं ओंजळ भरून चुरमुरे पदरात टाकले. वर चार फुटाणे टाकले. "दात आलेत ना लेकीला?"

"पडतायत."

"मग फुटाणे तू खा," म्हातारी म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

राणी हरखून निघाली. वाट माळणीच्या दारावरून जात होती. बांधाशी बकुळा बसली होती. हातात रिकामं बोळकं. तिनं राणीला दासीच्या लुगड्यातही ओळखलं. पोरांना लुगडी दिसत नाहीत.

"राणीसाहेब, पद्मा खेळायला का येत नाही?"

"तिला बरं नाही."

पोरीचे डोळे पदराच्या गाठीवर गेले. "पदरात काय आहे?"

राणीला गुळाचा वास आठवला, चिकट ओठ आठवले, आणि लेकीनं बकुळेच्या नावाचा केलेला तो गोड उच्चार आठवला. तिनं गाठ घट्ट दाबली.

"काही नाही," ती म्हणाली आणि झपझप निघाली.

महालात येऊन तिनं गाठ सोडली. पदरातून वाळू गळली. वाळूखेरीज काही नव्हतं. तपेल्यात लेक आता करंगळीएवढी झाली होती.

राणी धावत बाभळीकडे गेली. सुगरण म्हणाली, "भातुकं मुठीत दाबलं की त्याची वाळू होते. यात मला काय विचारतेस?" आणि घरट्यात शिरली.

टिटवी नदीच्या वाळूत उघड्यावर अंडी घालून बसली होती. माणूस दिसलं की ओरडायचं, एवढंच ती जाणे. राणी जवळ गेली तशी ती ओरडलीच.

"कोण तू? काय हवं?"

"माझ्या लेकीला वाचवायचं आहे."

"ते हवं असणाऱ्या पुष्कळ येतात. तू कोणाचा हेवा करतेस ते सांग."

राणीनं इकडेतिकडे पाहिलं. वाळूच होती. "माळणीचा," ती म्हणाली.

"राज्य तिचं आहे?"

"नाही."

"रूप?"

"नाही."

"मग काय आहे तिच्यापाशी?"

"माझी लेक तिच्या पदराला हात पुसते," राणी म्हणाली, आणि ते वाक्य पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्यामुळे तिला स्वतःलाच ऐकू आलं.

टिटवी मऊ झाली नाही. तिचा तो स्वभावच नव्हे. "मग जा तिच्या दारात. हातात काही नेऊ नकोस. हुकूम करू नकोस. तिथं तुला जे करतील ते हो. जे देतील ते खा. सगळं खाऊ नकोस. आता ऊठ, माझी अंडी थंड पडतात."

राणी गेली. भर दिवसा गेली, सगळ्या आळीच्या देखत गेली. आळीतली एक खिडकी बंद राहिली असेल तर शपथ. तपेलं तिच्या तळहातावर होतं, आणि तपेल्यात पद्मलेखा तांदळाच्या दाण्याएवढी.

गोजरा हारात फुलं ओवत होती. ती लगबगीनं उठली आणि पाट मांडू लागली.

"पाट नको," राणी म्हणाली. "भुईवर बसते."

"सरकार, धूळ आहे."

"असू दे."

राणी मांडी घालून बसली. गोजराला तपेल्यातलं दिसलं. तिनं तोंडावर हात घेतला. मग हलकेच म्हणाली, "सरकार, रागावू नका. माझ्याही पोटात दुखायचं. तुमच्या महालात पैंजण वाजले की माझी बकुळ हातातला घास खाली ठेवून तिकडे कान लावायची. मी हाक मारली तर ऐकू जायचं नाही तिला."

राणीनं तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस सज्जातून पाहिलं होतं, पण हे तिथून दिसलं नव्हतं.

मग ती बकुळेकडे वळली. "बकुळे, आपण... हे मांडू या का?"

"काय?"

"चूल आहे. बोळकी आहेत. तू मांडायचीस तसं."

"कसं ते आठवत नाही." बकुळेनं बोळकं हातात फिरवलं. मग तिचे हात आपले आपण हलू लागले. तिनं ढासळलेल्या चुलीला खडा लावला, काटकी मोडली, आणि एकदम विचारलं, "आई कोण होणार?"

"मी," राणी म्हणाली. विचार करायच्या आधीच म्हणाली.

"तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"भात येतो."

"नुसता भात?" बकुळा गंभीर झाली. "मग नाही चालणार. मी आई. तुम्ही थोरली लेक. पद्मा धाकटी."

राणीचा चेहरा तापला. माळणीची पोर तिला पायरी सांगत होती, आणि तीही माळणीच्या देखत. आळीतल्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. पण टिटवीचं बोलणं ताजं होतं.

"बरं," राणी म्हणाली.

गोजरा घरात गेली. तिच्या दुपारच्या ताटात भिजवलेले पोहे होते. त्यातले मूठभर तिनं बोळक्यात घातले, वर गुळाचा खडा ठेवला. बकुळेनं काडी लावली, फुंकर घातली, पळी फिरवली. मग वर न पाहता म्हणाली, "थोरले, हात धुतलेस?"

"धुते."

"'धुते, आई' म्हण."

राणीनं गडव्यातलं पाणी हातावर घेतलं. "धुते, आई," ती म्हणाली.

बकुळेनं पानाच्या तुकड्यावर पोहे वाढले. "घे. पुरवून खा. अर्धं धाकटीला ठेवायचं हं. ती रडेल नाहीतर."

लेकीनं अन्न टाकलं त्या दिवसापासून राणीनंही धड जेवण घेतलं नव्हतं. पोहे तोंडात गेले आणि गूळ जिभेवर विरघळला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आजवर तिला मुदपाकखान्यातून वाढलं गेलं होतं, ताटांमागून ताटं वाढली गेली होती, पण आपल्या ताटातलं काढून तिच्या हातावर कोणी ठेवलं नव्हतं. लहानपणीही नाही. भूक अशी भडकली, की पानावरचं सगळं एका घासात संपवावं. हात पुढे झालाही.

तिनं तो मागं घेतला. पानावरचं अर्धं बोटानं वेगळं केलं. त्यातला एक पोहा चिमटीत धरून तपेल्यात सोडला.

"धाकटे," ती म्हणाली, "आईनं दिलंय. तुझा वाटा."

कापसात हालचाल झाली. तांदळाएवढं तोंड पोह्याच्या कडेला लागलं.

"आणखी," आतून आवाज आला.

राणीनं आणखी दिलं. राजकन्या करंगळीएवढी झाली. आणखी दिलं, बाहुलीएवढी झाली. तपेल्यात मावेना, तशी बकुळेनं तिला उचलून मांडीवर घेतलं. मांडीवर मावेना, तशी खाली बसवलं. पान संपलं. बोळकं खरवडून झालं. पद्मलेखा आपल्या मापाची होऊन भुईवर बसली होती, तोंडाला गूळ फासलेला, आणि तक्रार करत होती, "बकुळे, तू मला न विचारता भातुकली मांडलीस?"

शब्द आला होता. त्याच घटकेला बाजारात कुंभार इतक्या मोठ्यानं ओरडला, "भातुकली घ्या, भातुकली!" की शेजारच्या बैलानं दावं तोडलं. राज्यातल्या सगळ्या अंगणांतून धूर निघाला आणि सगळ्या आयांनी एकदम आरडाओरडा केला, "विस्तवाशी जपून गं!"

पळसाच्या रानात वाळका भोपळा फुटला. त्यातून आणखीही काही लहानसहान शब्द सुटले, ज्यांची हरवल्याची तक्रार कोणी केलीच नव्हती. धूमकेश उपाशी झाला. उपाशी मांत्रिकाचा धूर टिकत नाही. राजाच्या शिपायांना रानात एक अशक्त माणूस सापडला. त्याला सीमेपलीकडे सोडून आले. राजानं बांध उतरवून पूर्वीएवढा केला.

आता गावातल्या बोलण्याचं. थोबाडीत दिली, हे साफ खोटं. दत्तक घेतली, हे उलटं. लेक राणी झाली होती, आणि आई ती पोर. पाया पडल्या, हेही खोटं. 'आई' म्हणाल्या, हे मात्र खरं. अंगणाला लागून ज्यांची खिडकी आहे त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं.

आणि राणीचा हेवा धुऊन निघाला म्हणतात, ते?

राणी आता रोज दुपारी आपल्या ताटातलं मूठभर बाजूला काढते आणि पदरात घेऊन माळणीच्या अंगणात येते. गोजराही मूठभर आणते. दोघींचं दोन बोळक्यांत पडतं आणि दोघी चुलीशेजारी बसतात. बोलतात हाराबद्दल, हवेबद्दल. बघतात मात्र बोळक्यांकडे, कोणाचं आधी संपतं ते. परवा दोन्ही पोरींनी आधी राणीचं संपवलं. राणी जरा ताठ बसली.

"आज पोरींना भूकच जास्त होती," गोजरा म्हणाली, आणि आपल्या बोळक्यावर तिनं झाकण असं काही ठेवलं, की ते चार घरांत ऐकू गेलं.